कोकणातले कॉलेजविद्यार्थी आणि नोकरीची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले विद्यार्थी, पालक आणि काही प्राध्यापक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या तालुक्यात कंपन्याच नाहीत. मग कौशल्यं शिकून ती दाखवायची कोणाला?

कंपनी म्हटलं की बहुतेकांना हिंजवडी किंवा ऐरोलीची काचेची इमारतच आठवते, म्हणून जवळचं दिसत नाही. महाड, रोहा आणि लोटे-परशुरामला रसायनांचे कारखाने आहेत. थळला खतांचा कारखाना आहे, डोलवीला पोलादाचा. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे. उरणच्या बंदराभोवती गोदामं, कंटेनर यार्ड आणि कस्टमची कामं करणारी ऑफिसं आहेत. रत्नागिरी-देवगड भागात आंब्याच्या कॅनिंग फॅक्टऱ्या, वेंगुर्ल्याकडे काजूप्रक्रिया, मिरकरवाड्याला मासळीचा धंदा. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून मालवण-तारकर्लीकडे निवास आणि जलक्रीडेचा व्यवसाय वाढत गेला. शिवाय पतसंस्था, सीएंची ऑफिसं, हॉस्पिटलं आणि कंत्राटदार प्रत्येक तालुक्यात आहेत.

अडचण वेगळीच आहे. यातले बरेच जण कॉलेजात येऊन मुलाखती घेत नाहीत आणि जाहिरातही देत नाहीत. मालक ओळखीच्या सरांना किंवा आपल्या सीएला फोन करून विचारतो, ‘कोणी भरवशाचं पोरगं आहे का?’ त्या वेळी तुमचं नाव कोणाच्या तरी तोंडी यायला हवं. ते कसं येईल, हे प्रश्न ४ आणि ८ मध्ये आहे.

२. नोकरी देणारे नेमकं काय बघतात? चांगले मार्क पुरत नाहीत का?

अर्जांच्या पहिल्या चाळणीत मार्क उपयोगी पडतात. पुढे मालकाला चार साध्या गोष्टींची खात्री हवी असते. सांगितलेलं काम सांगितलेल्या दिवशी होईल. अडलं तर हा मुलगा किंवा मुलगी गप्प न बसता लगेच सांगेल. लिहिलेला ईमेल दुसऱ्याला एका वाचनात कळेल. दिलेले आकडे ताळा करून दिलेले असतील.

‘मी मेहनती आहे’ असं बायोडेटात लिहून ही खात्री पटत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तडीला नेलेलं एक तरी काम दाखवता आलं, तर पटते. मुलाखतीत त्या एका कामावर पाच मिनिटं नीट बोलू शकणारा विद्यार्थी दहा सर्टिफिकेटं घेऊन आलेल्याच्या पुढे जातो, असं मला ठामपणे वाटतं. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच मुद्द्यावर उभी आहेत.

३. मी बी.ए. (किंवा बी.कॉम., बी.एस्सी.) करतोय. माझ्याकडे ‘स्किल’ म्हणावं असं काहीच नाही. कुठून सुरू करू?

स्वतःच्या विषयातून सुरू करा, फक्त पुस्तकाबाहेर एक पाऊल टाका.

बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने जीएसटीची व्याख्या पाठ करण्याबरोबर गावातल्या एखाद्या व्यवहाराचा माग काढावा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण त्याच आंब्याचा डबाबंद पल्प झाला की कर लागतो. हा फरक बिलावर कुठे दिसतो, रिटर्नमध्ये कुठे जातो, हे एखाद्या कॅनिंगवाल्याच्या हिशेबनिसाजवळ बसून समजून घेतलंत, तर सीएच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी उपयोगी पडाल.

रसायनशास्त्र घेतलेल्यांसाठी लोटे आणि महाडच्या क्वालिटी कंट्रोल लॅब आहेत. तिथे टायट्रेशन येतं का हे विचारतातच, पण नोंदी कशा ठेवता हेही पाहतात. चुकलेला आकडा गिरवून दुरुस्त करायचा नाही आणि व्हाइटनर तर लावायचाच नाही. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख लिहायची. ही सवय कॉलेजच्या जर्नलमध्येच लावून घ्या, त्याला पैसा लागत नाही.

बी.ए.वाल्यांना उगाच न्यूनगंड असतो. लोकांशी बोलणं, माहिती गोळा करणं आणि ती नीट लिहून काढणं हे तुमचं बळ आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारशात घेतली. त्यात रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या पट्ट्यातले किल्ले आहेत. यांपैकी एका किल्ल्याची मराठी, हिंदी आणि सोप्या इंग्रजीत तासाभराची माहिती देता येणं, हे पर्यटन व्यवसायात विकलं जाणारं कौशल्य आहे.

४. सुट्टीत मी घरच्या आंब्याच्या बागेत (किंवा काजूत, मासळीच्या धंद्यात, होमस्टेमध्ये) काम करते. हे बायोडेटात लिहिलं तर हसतील का?

हसणार नाहीत. हा प्रश्न जितक्या वेळा येतो तितक्या वेळा वाईट वाटतं, कारण कोकणातल्या मुलांकडे असलेला सगळ्यात खरा अनुभव ती स्वतःच्या हाताने खोडून टाकतात आणि त्या जागी ‘छंद: वाचन, संगीत’ लिहितात.

मोहोर आल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत बागेत काय काय चालतं ते आठवा. फवारणीचं वेळापत्रक, गड्यांची हजेरी, फळांची वजनावर प्रतवारी, साका किंवा डाग असलेली फळं वेगळी काढणं, आढी लावणं, पेट्या भरणं, वाशीला माल पाठवणं, आढत्याकडून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) तपासणं. याच कामांना कारखान्यात मनुष्यबळ, दर्जातपासणी, पॅकिंग, माल रवाना करणं आणि हिशेब जुळवणं अशी नावं आहेत.

मात्र ‘घरच्या बागेत मदत केली’ एवढंच लिहिलं तर काही पोचत नाही. या हंगामात एक काम अंगावर घ्या. समजा, वडिलांची हिशेबाची वही तुम्ही एक्सेलमध्ये उतरवलीत: तारीख, कोणत्या आढत्याकडे किती पेट्या गेल्या, कोणत्या आकाराच्या, दर काय मिळाला, आढत, हमाली आणि मोटारभाडं वजा जाऊन हाती काय आलं. दीड-दोन महिन्यांनी हीच शीट सांगेल की कोणत्या आठवड्यात दर घसरला, कोणाकडे कपात जास्त झाली, पेटीमागे खरा खर्च किती. मग बायोडेटात असं लिहा: ‘घरच्या हापूस बागेच्या एका हंगामाच्या विक्रीची रोजची नोंद एक्सेलमध्ये ठेवली, आढत्यानिहाय निव्वळ मिळकतीची तुलना केली.’ समोरचा माणूस त्यावर प्रश्न विचारणारच. उत्तरं तुमच्याकडे असतील, कारण ते काम तुम्ही केलेलं असेल.

मासळीच्या धंद्यातल्या घरांसाठीही हेच. बर्फ, डिझेल, लिलावाचे दर आणि तांडेल-खलाशांचा वाटा यांचा हिशेब ठेवणं सोपं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वर्षभराच्या चिठ्ठ्या शीटवर चढवायला सवड मिळते. होमस्टे असेल तर बुकिंगची नोंद, आगाऊ रकमेचे नियम लेखी करणं, पाहुण्यांच्या तक्रारींना उत्तर देणं, गुगल मॅपवरची माहिती आणि फोटो अद्ययावत ठेवणं, यातलं एक तरी पूर्णपणे तुमच्याकडे घ्या.

एक पथ्य पाळा: घरच्यांना विचारल्याशिवाय खऱ्या रकमा आणि आढत्यांची नावं कोणाला दाखवू नका. नावांच्या जागी अ, ब, क लिहिलंत तरी काम दिसतं. आणि दुसऱ्याचा व्यवहार गुप्त ठेवण्याची समज तुमच्याकडे आहे, हेही मालकाच्या लक्षात येतं.

५. एमएस-सीआयटी झालं आहे. आता टॅली करू, पायथॉन करू की डिजिटल मार्केटिंग?

ज्या कामाला जायचं आहे त्या कामाच्या तीन जाहिराती आधी वाचा, मग ठरवा. हिशेबाच्या नोकरीला टॅली लागतं. पायथॉन चांगलं आहे, पण ते वापरून काय करायचं हे डोळ्यांसमोर नसेल तर सहा महिन्यांत विसराल. डिजिटल मार्केटिंगची फी भरण्याआधी काकांच्या होमस्टेचं किंवा शेजारच्या कोकम सरबताच्या घरगुती उद्योगाचं पान तीन महिने चालवून पाहा.

काहीच ठरत नसेल तर एक्सेल पक्कं करा. सॉर्ट, फिल्टर, व्ही-लूकअप आणि पिव्होट टेबल सफाईने करणारा माणूस पतसंस्थेपासून बंदरापर्यंत सगळीकडे लागतो.

६. लॅपटॉप नाही, पावसात नेटवर्क जातं, लाइट जाते. ऑनलाइन शिकायचं कसं?

अडचण खरी आहे. ‘इच्छा असेल तर होतं’ असं सांगून ती उडवून लावणार नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ मोफत आहेत. त्यांतले बरेच मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येतात. कॉलेजच्या वाय-फायवर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या. त्यात शिकवलेलं लिबरऑफिस हे सॉफ्टवेअरही मोफत आहे, जुन्या संगणकावर चालतं, आणि त्यातलं कॅल्क आलं की एक्सेल परकं वाटत नाही.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रमही शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी असते. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’मधून घेण्याची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. तुमच्या अभ्यासक्रमाला ते चालतं का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजात विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

संगणकासाठी कॉलेजची लॅब दुपारी रिकामी असते का ते पाहा आणि चार-पाच जणांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती विसरली जाते, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

७. ओजेटी, इंटर्नशिप आणि ॲप्रेंटिसशिप यांत फरक काय?

ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, हा नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे. त्याला क्रेडिट आहेत आणि एका क्रेडिटला साधारण ३० तास काम धरतात. इंटर्नशिप तुम्ही स्वतः शोधून सुट्टीत केलेली असू शकते. पैसे मिळतील किंवा मिळणार नाहीत, म्हणून अटी आधी लेखी घ्या.

ॲप्रेंटिसशिपला कायद्याचा आधार आहे: शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. त्यात करार होतो, नोंदणी होते आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही हा मार्ग खुला झाला. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. आजचा आकडा ‘नॅट्स’च्या (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या) सरकारी पोर्टलवर पाहून घ्या.

इथे एक मेख आहे. आधी एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला असेल किंवा एकदा हे प्रशिक्षण घेतलं असेल, तर पदवीधर म्हणून पुन्हा घेता येत नाही. त्यामुळे पदवीनंतर मिळेल ती पहिली नोकरी पकडण्याआधी हा पर्याय तपासा. चांगल्या कारखान्यातलं वर्षभराचं प्रशिक्षण बहुतेक वेळा जास्त मोलाचं ठरतं.

८. ओळखीच्या दुकानातून ओजेटीचं पत्र नुसतं सही-शिक्क्यासह मिळतंय. सगळेच घेतात. घेऊ का?

नका घेऊ. नियमाचं कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की तीन वर्षांत तुमच्यासाठी कॉलेजने कामाचे म्हणून राखून ठेवलेले तास एवढेच आहेत. मुलाखतीत ‘तिथे रोज काय करत होतात?’ हा प्रश्न येतो आणि खोटं पत्र पहिल्या दोन वाक्यांत उघडं पडतं.

त्याच दुकानात खरंच बसा. हार्डवेअरच्या दुकानातला शिल्लक मालाचा हिशेब, उधारीची यादी, जास्त खपणारा आणि पडून राहणारा माल, यावर चांगला अहवाल होतो. रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा: आज काय केलं, काय अडलं, कोणाला विचारलं. शेवटी मालकाकडून कामाचा तपशील असलेलं पत्र मागा. प्रश्न १ मध्ये म्हटलेला तो फोन पुढे याच माणसाला येऊ शकतो.

९. शिकत असताना सरकारच्या विद्यावेतनाच्या योजना घेता येतात का?

पूर्णवेळ शिकत असताना नाही. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ २०२४ मध्ये सुरू झाली, ती १८ ते ३५ वयाच्या, शिक्षण चालू नसलेल्या तरुणांसाठी. सुरुवातीला तिचं विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना असं होतं. केंद्राची ‘पीएम इंटर्नशिप योजना’ही २०२४ चीच. सुरुवातीच्या अटींनुसार ती २१ ते २४ वयासाठी होती आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नसणं आवश्यक होतं. या योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशीची अट वाचा.

१०. इंग्रजी येत नाही. त्यात आमचं बोलणं मालवणी वळणाचं.

बोलण्याच्या वळणाची काळजी सोडून द्या. त्यामुळे काम अडत नाही. इंग्रजी मात्र लागतं, पण मुलं समजतात तितकं नाही. पहिल्या नोकरीत जे लागतं ते असं: आलेला ईमेल समजणं, चार ओळींचं उत्तर देणं, फोनवर निरोप घेणं, स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं बोलणं. प्रश्न ४ मधल्या कामाचं वर्णन आधी मराठीत लिहा, मग सोप्या इंग्रजीत आणा, मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. महिनाभर रोज हे करा. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हे लवकर कामी येतं, कारण बोलायला तुमचं स्वतःचं काहीतरी असतं.

११. एटीकेटी लागली आहे, मध्ये एक वर्षही गेलं. लपवू का?

लपवू नका. गुणपत्रिकांवर ते दिसतंच. एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या वाक्यात त्या काळात काय केलं ते सांगा. ‘वडील आजारी होते, वर्षभर घरचं दुकान मी सांभाळलं’ हे सांगायला लाज कसली? काहीच केलं नसेल तर आजपासून एक काम सुरू करा. दोन महिन्यांनी सांगण्यासारखं काही असेल.

१२. मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर आहे. गावात रेंज मिळत नाही.

आदल्या दिवशी जागा बघून ठेवा: कॉलेज, नातेवाइकांचं तालुक्यातलं घर, ग्रामपंचायतीचं ऑफिस. फोन पूर्ण चार्ज करा, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन सोबत ठेवा आणि मुलाखत घेणाऱ्याला आधीच कळवा: ‘आमच्याकडे पावसामुळे कॉल तुटू शकतो, तुटल्यास या नंबरवर घ्यावा.’ कोणी याचं वाईट मानत नाही. अडचण येण्याआधी कळवणारा माणूस त्यांना हवाच असतो.

मुंबई-पुण्यातल्या मुलाखतीत आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार ना?’ खरं उत्तर द्या. ‘गणपतीला जातो. रजा आधी टाकतो आणि हातातलं काम कोणाकडे आहे ते लिहून जातो.’ नाही जाणार म्हणून सांगायचं आणि भाद्रपदात आजारी पडायचं, यात विश्वास जातो.

१३. मुलीला ओजेटीसाठी लांब पाठवायला मन धजत नाही. पालक म्हणून काय बघावं?

तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून संधीच नाकारू नका. एकदा मुलीबरोबर जाऊन जागा बघा. येण्याजाण्याच्या वेळा शेवटच्या एसटीशी जुळतात का ते पाहा. महिलांना एसटीत २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्यामुळे खर्च थोडा हलका होतो. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावीच लागते, आणि हा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. समितीत कोण आहे हे विचारायला संकोचू नका. चांगली संस्था लगेच नाव सांगते. आणि जागा ठीक वाटली तर मुलीचं मत शेवटचं माना.

१४. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मला हे सगळं कशाला?

कारण जागा थोड्या असतात आणि अर्ज खूप. किती प्रयत्न करणार हे आजच घरच्यांसमोर ठरवा. तयारीच्या काळातच टायपिंगची सरकारी परीक्षा द्या. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो, आणि तोच वेग खासगी ऑफिसातही कामी येतो.

१५. बायोडेटा एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

भाषा सुधारण्यासाठी चालेल. मजकूर तुमचा हवा. न केलेलं काम त्यात शिरलं असेल तर ते वाचून काढून टाका. ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नाही ती ओळ ठेवू नका.

१६. एजंट जहाजावर किंवा आखातात नोकरी लावून देतो म्हणतो, आगाऊ पैसे मागतो. द्यावेत का?

खेड, दापोली, श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत घराघरातून माणसं बोटीवर आणि आखातात गेली आहेत, त्यामुळे गावात अशा माणसावर चटकन विश्वास बसतो. म्हणूनच जास्त जपा.

जहाजावरच्या भरतीसाठी एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे. प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे का, हेही महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. फी भरण्याआधी तपासा. सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका) हातात आली म्हणजे नोकरी मिळाली असं होत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही समजावून सांगा.

आखातासाठी एजंट ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत हवा. त्याने घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातलेली आहे आणि पावती देणं बंधनकारक आहे. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

१७. नोकरी मिळाली, पण कंपनी मूळ गुणपत्रिका ठेवून घेते आणि दोन वर्षांचा बाँड मागते. काय करू?

मूळ कागद पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच दिवशी परत घ्या. ठेवून घ्यायचा आग्रह धरला तर डिजिलॉकरमधली प्रत किंवा साक्षांकित प्रती देण्याची तयारी लेखी कळवा. त्यावरही अडून बसले तर ती नोकरी घेऊ नये, असं माझं मत आहे. चांगली संधी आली की हेच कागद सोडवताना मुलांची फार दमछाक होते.

बाँडचं तसं सरसकट सांगता येत नाही. कंपनी खरोखर खर्च करून प्रशिक्षण देत असेल, रक्कम त्या खर्चाच्या मानाने असेल आणि मुदत स्पष्ट असेल, तर विचार करायला हरकत नाही. सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि कागद तालुक्याच्या कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांना दाखवा. पगारातून दरमहा ‘अनामत’ कापली जाणार असेल तर ती केव्हा आणि कशी परत मिळणार, हे करारात लिहून घ्या. कोरा धनादेश मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका.